‘आज काय आलंय?’ : रायगडच्या किनाऱ्यावरचं जेवण

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागची वाट धरली की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना जेवणाच्या पाट्या सुरू होतात. ‘घरगुती जेवण’, ‘आगरी-कोळी स्पेशल’, ‘शुद्ध शाकाहारी’, ‘पंजाबी-चायनीज-तंदूर’. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने तासाभरात इथे येता येतं, त्यामुळे शनिवार-रविवारी या पाट्यांखाली गाड्यांची रांग लागलेली असते. आत गेल्यावर हातात पडणारं लांबलचक मेन्यूकार्ड बहुतेक ठिकाणी सारखंच : पापलेट फ्राय, सुरमई थाळी, कोळंबी मसाला, पनीरचे सात-आठ प्रकार, फ्राइड राइस. जूनमध्ये हेच आणि जानेवारीतही हेच. किनाऱ्यावरच्या घरांतलं जेवण मात्र असं बारमाही नसतं. ते तिथीप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतं, आणि ते नीट मिळावं म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं, की रायगडच्या किनाऱ्यावर जेवायला निघालेल्या माणसाने ‘कुठलं हॉटेल चांगलं?’ हा प्रश्न नंतर विचारावा. त्याआधी ‘आज काय आलंय?’ हे विचारावं. असं विचारणाऱ्याला चव चांगली मिळते, पैसे बहुधा कमी लागतात आणि ज्या समुद्राच्या जिवावर हे सगळं चालतं त्याच्यावरचा भारही थोडा हलका होतो.

या किनाऱ्याचं घड्याळ भरती-ओहोटीचं आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा इथला जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या आसपास भरती भरते; तिथून सहा तासांनी ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर हा हिशेब पाहावा लागतो, हे पर्यटकांना माहीत असतं. आपल्या ताटालाही तोच हिशेब लागू आहे, हे सहसा लक्षात येत नाही. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही मासळी मुख्यतः डोलीत सापडते. डोल म्हणजे एका जागी पक्कं केलेलं, निमुळत्या पिशवीसारखं मोठं जाळं. त्याचं तोंड प्रवाहाकडे असतं आणि पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपणहून आत येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त, म्हणून डोल भरते. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, ओढ मंदावते आणि डोलीत कमी लागतं. शिवल्या, कालवं, खुबे वेचायला बाया खाडीच्या चिखलात आणि खडकांवर उतरतात त्या ओहोटीला, म्हणजे कालवंही पाणी ओसरेल तेव्हाच ताटात येणार. थळ, वरसोली, साखर-आक्षी, रेवदंडा, मुरूडजवळचं एकदरा, श्रीवर्धनचं जीवना बंदर आणि भरडखोल, या सगळ्या बंदरांवर होड्या लागायची वेळ रोज सरकत राहते. असा माल छापील कार्डात बांधून ठेवायचा म्हटलं तर एकच उपाय उरतो : बर्फ आणि फ्रीझर. कार्डावरचं सगळं बारा महिने ‘आहे’ असं उत्तर मिळतं, तेव्हा त्या उत्तरामागे फ्रीझरच असतो.

आधी सांगून ठेवण्याचं दुसरं कारण चुलीपाशी दिसतं. ओल्या बोंबलाचं उदाहरण घ्या. या माशाच्या अंगात पाणीच पाणी. तसाच तव्यावर टाकला तर तो पाणी सोडतो, फुटतो आणि त्याचा लगदा होतो. म्हणून डोकं-शेपूट काढून तो पोटाकडून उभा चिरतात, मधला काटा सोडवून घेतात, पुस्तकासारखा उघडून मीठ लावतात, आणि सगळे बोंबील फडक्यात ओळीने मांडून वर पाटा किंवा वरवंट्यासारखं जड काहीतरी ठेवतात. तास-दोन तासांत फडकं ओलं होतं आणि बोंबील चपटा, घट्ट होऊन हाती येतो. मग हळद, तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि कोकमाचं आगळ लावायचं, तांदळाच्या पिठात घोळवायचा आणि बेताच्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस होऊ द्यायचा. असा बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा लागतो. त्याच्याबरोबरची भाकरी तांदळाची. पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, उकड काढायची, ती गरम असतानाच हाताला पाणी लावून मळायची आणि पातळ भाकरी थापायची. ती पानात पडायला हवी तव्यावरून उतरताच, कारण गार झाली की चिवट होते. सोलकढीचंही तेच. नारळ खवून, वाटून, पिळून काढलेलं दूध आणि आगळ ऐन वेळी एकत्र केलं तरच तिचा गुलाबी रंग आणि ताजा वास टिकतो. एका साध्या ताटामागे चार तासांची तयारी आणि दोन-तीन बायांचे हात आहेत. खानावळीला फोन केला की ‘किती ताटं?’ असं पहिल्याने विचारतात ते यासाठी. दीड वाजता भुकेने दारात उभं राहून वीस मिनिटांत हे ताट मागणाऱ्याला स्वयंपाकघर काय देऊ शकतं? आधीच करून ठेवलेली ग्रेव्ही आणि तिच्यात सोडलेले बर्फातल्या माशाचे तुकडे, दुसरं काही नाही.

दिवसाचं घड्याळ भरतीचं, तसं वर्षाचं घड्याळ पावसाचं. महाराष्ट्राच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या मासळीचा विणीचा काळही याच सुमाराला येतो. गेटवे-मांडवा लाँचही पावसाळ्यात बंद राहतात. तरी रो-रोने आणि वडखळच्या रस्त्याने पर्यटक येतातच, आणि त्यांच्यापुढे ‘ताजं पापलेट’ येतं. ते शीतगृहातलं असतं किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून आलेलं. किनाऱ्यावरची घरं मात्र या दिवसांत सुक्या मासळीकडे वळलेली असतात. उन्हाळाभर वलांडीवर टांगून कडक केलेले बोंबील, अंगणात वाळवलेला जवळा, सोललेल्या कोळंबीचे सोडे, वाकट्या, सुकट हा पावसाळ्याचा साठा. सोडे घातलेली वांगी किंवा सोड्याची खिचडी ही चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरातली मानाची गोष्ट. भाजलेल्या जवळ्याची चटणी आणि भाकरी हे आगरी-कोळी घरातलं नित्याचं. सुकी मासळी म्हणजे गरिबाची अडचण भागवणारी वस्तू असं मानून खानावळी ती पाहुण्यापुढे ठेवायला संकोचतात, आणि वासाच्या धास्तीने पाहुणे मागत नाहीत. खरं तर जुलैत रेवदंड्याला गेलेल्या माणसाला यापेक्षा अस्सल जेवण मिळणार नाही. खाड्या-ओढ्यांतली मासळी आणि चिंबोऱ्या या दिवसांतही मिळतात. त्या बिनयंत्राच्या होड्यांनी आणि हाताने धरलेल्या. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळीवाडे हंगामाला लागतात. ओली मासळी हवी असणाऱ्याने तिथून पुढचे महिने धरावेत.

हिवाळ्यात हाच किनारा शेतांकडे वळून खातो. भात कापून झाल्यावर अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, तळवडे या गावांच्या जमिनीत पांढरा कांदा लावतात. हा कांदा बेताचा तिखट आणि चवीला गोडसर असतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. फेब्रुवारीच्या पुढे त्याच्या पातींच्या वेण्या घालून माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. आणि याच मोसमात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, मग पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंब नाही, तेलही जेमतेम. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, झावळ्या आणि काटक्या रचून जाळ करायचा. पाल्यातला आणि शेंगांतला ओलावा वाफ होऊन आतल्या आत फिरतो. अर्ध्या-पाऊण तासाने भांबुर्ड्याचा उग्र, ओव्याच्या जवळचा वास सुटला की पोपटी झाली. वाल कडू असतो, पण या वाफेत तो मऊ आणि गोडसर होतो. पोपटी एकट्याची होत नाही आणि टेबलावर मागवताही येत नाही. मडकं, पाला, शेंगा, जाळ राखणारा माणूस आणि रिकामं शेत हे सगळं जमवून आणावं लागतं. अलिबाग, पेण भागातल्या काही घरगुती निवासांत सांगून ठेवल्यास करून देतात. जानेवारी-फेब्रुवारीत इथे येऊन बटर चिकन खाऊन परतलेल्या माणसाचं काय राहिलं, हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

अलिबाग आणि पेणच्या मधला खारेपाटही असाच ओलांडून जाण्याचा मुलूख समजला जातो. खाडीचं पाणी अडवायला घातलेले बांध, त्यांच्यामागे भातशेती आणि घराशेजारी एक तळं. पावसात खाडीच्या पाण्याबरोबर आलेला जिताडा खाऱ्या पाण्यात जगतो तसाच गोड्या पाण्यातही वाढतो, म्हणून तो या तळ्यांत राखतात. इथल्या माणसाच्या लेखी जिताडा म्हणजे पाहुण्याचा, सणाचा, मोठ्या माणसाला भेट पाठवण्याचा मासा. त्याच्या जाड, पांढऱ्या तुकड्यांचं कालवण खाल्लेला माणूस सुरमईचा हट्ट धरत नाही. पण तळ्यातून मासा काढायचा तर घरधन्याला एक दिवस आधी कळायला हवं.

रेवदंडा-चौलला आलं की लक्षात येतं, वेगळाल्या घरांची चूल आपल्याला उघडी होणं ही किती अलीकडची गोष्ट आहे. पंधराव्या शतकात रशियाच्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवृत्तांतात या देशातली माणसं उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरत नाहीत, आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खात-पीत नाही अशा नोंदी आहेत. चौल शेकडो वर्षं जगाशी व्यापार करणारं बंदर होतं, तरी परक्याला इथल्या घरात पान मिळणं कठीण. मिरची या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, आणि ते या भागात 1740 पर्यंत होते. आज जिच्यावाचून कोळी मसाला होत नाही ती वस्तूही अशी समुद्रावरूनच आलेली. कुंडलिका ओलांडून गेलं की कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून बोलतात. नदीच्या अलीकडे नवगावला बेने इस्रायलींचं स्मारक आहे. फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज इथे किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. हे लोक तेलाच्या घाण्यांवर राबायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. खवले आणि पर असलेलाच मासा खायचा या धर्मनियमामुळे कोळंबी आणि चिंबोरी त्यांना वर्ज्य. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, म्हणून त्यांच्या रश्शाला दाटपणा आला तो नारळाच्या दुधाने. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं यांचा मलिदा ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात. त्यांतले बहुतेक 1948 नंतर इस्रायलला गेले, मात्र अलिबाग आणि रेवदंड्याची प्रार्थनास्थळं उभी आहेत. एकाच किनाऱ्यावर, तोच नारळ आणि तोच तांदूळ घेऊन, प्रत्येक समाजाने आपल्या नियमांतून वेगळं जेवण घडवलं. या सगळ्यावर ‘कोकणी थाळी’ अशी एकच पाटी लावली की नेमका हा वेगळेपणा पुसला जातो.

मुरूडच्या पुढे हे आणखी ठळक होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात होता, आणि इथल्या कोकणी मुसलमान घरांत तांदूळ-नारळाची स्वतःची परंपरा आहे. वाफवलेलं सांदण आणि नारळाच्या दुधातलं सालन ही तिची ओळख. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे गेलं की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरचा पट्टा सुरू होतो. नारळी-पोफळीच्या वाड्या, रोठा सुपारी, पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव असलेलं श्रीवर्धन, आणि यात्रेकरूंसाठी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या शाकाहारी खानावळी. ‘आम्ही मासे खात नाही, आम्हाला किनाऱ्यावर काय?’ या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. डाळिंब्यांची उसळ, म्हणजे मोड आणून एकेक सोललेल्या कडव्या वालाचं बिरडं, कोवळ्या फणसाची किंवा केळफुलाची भाजी, आमसुलाचं सार, मऊ भात-मेतकूट, श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या, आणि दिवेआगरचे उकडीचे मोदक. केळफुलातला प्रत्येक फुलाचा चिवट दांडा काढायचा, चिरून ताकाच्या पाण्यात भिजत घालायचं, बिरड्याचे वाल दोन दिवस आधी भिजवायचे. पनीर फ्रिजमधून काढलं की दहा मिनिटांत भाजी होते, हे खरंच. पण समुद्राकाठच्या वाडीत बसून पनीर खायचं तर वाडीत येण्याचं कारण काय? 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या भुईसपाट केल्या. नारळ-पोफळ पुन्हा लावून फळाला येईपर्यंत वर्षं जातात. ज्या घराची वाडी अजून सावरते आहे, त्याच्या हाताला पाहुण्याचं ताट हा आधार असतो, आणि वाडीतलंच केळफूल, फणस, नारळ त्या ताटात गेला तर तो आधार दुप्पट होतो.

आता पापलेटाविषयी. मागणीचा फटका समुद्राला कसा बसतो हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या माशात दिसत नाही. काटे कमी, वास कमी, दिसायला देखणा, म्हणून प्रत्येक टेबलावर हाच हवा. मोठा मिळेना तेव्हा लहान चालू लागला. वाढ पूर्ण व्हायच्या, एकदाही विण्याच्या आधीच पकडलेली पिल्लं बाजारात येऊ लागली, आणि मग साहजिकच मोठे कमी होत गेले. 2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमासा घोषित केलं आणि त्याच वर्षी 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पण कायदा बंदरावर जेवढं काम करतो तेवढंच काम ताटावर व्हायला हवं. तळहातापेक्षा लहान पापलेट ‘थाळीत दोन’ म्हणून पुढे येत असेल तर ते नाकारणं हे ज्याच्या त्याच्या हातात आहे. त्याच वेळी मांदेली, बोय, ढोमा, बांगडा, तारली, मुडदुशी या माशांना मोठी हॉटेलं कार्डावर जागा देत नाहीत. कोळणींना विचारलं तर आपल्या घरासाठी त्या बहुधा हेच मासे बाजूला काढतात. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट चावून खाता येते, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं भाताला पुरून उरतं, आणि दोन्हींची किंमत पापलेटाच्या कितीतरी खाली.

आपल्यापासून दूर, पण भात-मासळीवरच जगणाऱ्या कंबोडियात याला समांतर गोष्ट दिसते. ख्मेर भाषेत जेवण्याला ‘ञाम बाय’ म्हणतात, शब्दशः ‘भात खाणं’. तिथल्या तोन्ले साप सरोवराचं पाणी पावसाळ्यात नदीतून उलटं आत येतं आणि पावसानंतर बाहेर वाहतं. पाणी ओसरताना मासळीचा लोट येतो आणि वर्षभर पुरेल असा प्राहोक, म्हणजे मिठात मुरवलेल्या माशांचा खिमा, त्याच दिवसांत घालून ठेवतात. आपल्या सोडे-सुकटीचाच हा भाऊबंद. अंकोरच्या देवळांजवळच्या पर्यटकी हॉटेलांत पिझ्झाही मिळतो. पण केप या समुद्रकाठच्या गावी रिवाज वेगळा आहे : खेकड्यांच्या बाजारात बाया पाण्यातले पिंजरे ओढून जिवंत खेकडे दाखवतात, गिऱ्हाईक निवडतं, वजन होतं आणि शेजारीच कांपोतच्या हिरव्या मिऱ्यांत ते परतून मिळतात. त्या मिऱ्यांना कंबोडियात 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मिरी म्हटली की खेकडा, खेकडा म्हटला की केप अशी सांगड प्रवाशांच्या मनात बसली. आपल्याकडे पांढऱ्या कांद्याला मानांकन आहे, बंदरांवर ताजी मासळी आहे, आणून दिलेली मासळी ठरावीक मजुरी घेऊन शिजवून देणाऱ्या खानावळीही आहेत. पर्यटकाने हे तीन धागे जोडून मागणी करायची तेवढी बाकी आहे.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते वाजवी आहेत. पहिला वेळेचा. दीड दिवसाच्या सहलीत तिथ्या मोजायच्या आणि खानावळींना फोन करायचे कधी? पण राहायची खोली आपण चार-चार दिवस आधी ठरवतोच. त्याच फोनवर दोन वाक्यं जास्तीची बोलायची : किती माणसं, आणि जे ताजं असेल ते करा. रांगेत तासभर ताटकळण्यापेक्षा हे स्वस्तच पडतं. दुसरा आक्षेप भावाचा. कार्डावर छापलेला आकडा निदान पक्का असतो; ‘आज आलंय ते’ म्हटलं की गिऱ्हाईक दुकानदाराच्या हातात सापडतं. ही भीती खोटी नाही. पण मोठ्या माशांपुढे ‘साइजप्रमाणे’ असं लिहून छापील कार्डही ती दूर करत नाही. उपाय सरळ आहे : मासा शिजवण्याआधी पाहायचा, तुकड्याचा किंवा नगाचा भाव आधी विचारायचा, ताटात भाकऱ्या किती आणि भात-कालवण पुन्हा मिळतं का हे बोलून घ्यायचं. खानावळवाल्याला याचा राग येत नाही. त्यालाही हिशेब आधी ठरलेला बरा वाटतो. तिसरा आक्षेप स्वच्छतेचा. मोठ्या हॉटेलात नियम पाळले जातात, घरगुती ठिकाणी कोण पाहणार? मोठेपणा आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्न सुरक्षेची नोंदणी लहान खानावळीलाही लागते, ती विचारता येते. आणि वीस ताटांसाठी सकाळी आणलेली मासळी दुपारी संपते, तिला साठवणुकीचा प्रश्नच फारसा येत नाही. तरी शिंपल्यांच्या बाबतीत ज्याला ॲलर्जी आहे किंवा पोट नाजूक आहे त्याने जपावं, पावसाळ्यात तर अधिकच. इथे ‘गावचं आहे म्हणजे चांगलंच’ असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र खानावळी चालवणाऱ्यांकडून येतो. लोकच पनीर मागतात, मुलं नूडल्स मागतात, पापलेट नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या पाटीखाली जाऊन बसतं. मग आम्ही सुकट आणि मांदेली करून कुणाला वाढायची? कर्जावर खोल्या बांधलेल्या घराला परंपरा राखण्याचा उपदेश शहरातून करणं अन्यायाचं आहे, हे मान्य करायलाच हवं. लहान मुलाला वरण-भात किंवा नूडल्स हवे असतील तर तेही मिळावेत. म्हणूनच हा लेख खानावळींना उद्देशून नाही. कार्ड बदलायची ताकद गिऱ्हाइकाकडे आहे. आधी ऑर्डर देणारं गिऱ्हाईक असलं की खानावळीचं नुकसान टळतं : किती भाकऱ्या थापायच्या, किती नारळ फोडायचे, बंदरावरून किती किलो आणायचं हे सकाळीच कळतं, उरलेलं फुकट जात नाही, आणि सुगरणीला तिला येतं तेच करता येतं. गर्दीच्या भरवशावर बारमाही साठा करणं तिला भाग पडतं, कारण आपण न सांगता येतो. मेन्यूकार्ड आपल्या सवयींनी लिहिलेलं आहे, आणि सवय बदलली तर ते बदलेल.

तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर निघताना दिनदर्शिका जवळ असू द्यावी. तिथी पाहावी, महिना पाहावा. जूनपासून श्रावणापर्यंत गेलात तर सोडे आणि जवळा, माघात पोपटी, उन्हाळ्यात पांढरा कांदा आणि कच्च्या फणसाची भाजी, उधाणाच्या दिवसांत बोंबील आणि करंदी, ओहोटी साधली तर कालवं. आदल्या संध्याकाळी फोन करावा. पलीकडून विचारतील, ‘व्हेज का नॉनव्हेज? किती ताटं?’ ती सांगावीत. मग आपण विचारावं, ‘उद्या काय येईल?’ यावर बहुधा जरा थांबून उत्तर येतं, ‘सकाळी होड्या लागल्या की सांगते.’ हे टाळण्याचं उत्तर समजू नये. होड्या अजून लागायच्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ; तेवढी वाट पाहावी आणि सकाळी जे सांगतील त्याला हो म्हणावं.